थांबणारी गाडी

आमच्या घरात मंदाकाकूंबद्दल बोलताना सगळे आवाज जरा खाली आणतात. त्या ऐकतील म्हणून नव्हे; ऐकून आत येतील आणि उत्तर देतील म्हणून.

मंदाकिनी पांढरीपांडे. माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे माझी चुलत सासू. वय पासष्टीच्या आसपास, राहणार भोपाळच्या अवधपुरीत. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांनी सगळी नोकरी काढली. विजेच्या मोठाल्या यंत्रांची ड्रॉइंगं आधी शाईने ट्रेसिंग पेपरवर, मग कॉम्प्युटरवर. निवृत्त झाल्यावर गाडी चालवायला शिकल्या. त्यांचे यजमान, शंकरकाका, शेजारी बसून शिकवायचे आणि ओरडायचे, म्हणून काकूंनी एक दिवस त्यांना भर रस्त्यात उतरवलं आणि दुसऱ्या दिवसापासून ड्रायव्हिंग स्कूलची मुलगी लावली. काका पायी घरी आले. ही गोष्ट काका स्वतःच हसत हसत सगळ्यांना सांगायचे, यावरून काकाही कसे होते ते कळेल.

ते काका दोन वर्षांपूर्वी गेले. मुलगी पल्लवी पुण्यात, तिचा संसार तिकडे. काकूंकडे राहिलं घर, छतावर काकांनी हौसेने बसवलेली सोलर पॅनेलं, आणि त्यांची जुनी डिझेल गाडी, जी सकाळी सुरू होताना सगळ्या गल्लीला उठवायची. या उन्हाळ्यात काकूंनी जाहीर केलं की नवी गाडी घेणार, आणि एसयूव्हीच घेणार. बसक्या गाडीत शिरताना त्यांचा गुडघा बोलतो, आणि अवधपुरीतल्या नव्या कॉलन्यांचे रस्ते अजून रस्ते व्हायचे आहेत. इथवर कुणाची हरकत नव्हती. भांडण पुढे झालं.

शोरूमवाल्याने दोन गाड्या सुचवल्या होत्या. एक निव्वळ बॅटरीवर चालणारी. दुसरी प्लग-इन हायब्रिड, म्हणजे घरी चार्ज करायची, पाच-पन्नास किलोमीटर बॅटरीवर न्यायची आणि पुढे पेट्रोलवर. घरात लगेच नावं पडली, बॅटरीवाली आणि दोन्हीवाली. एका बाईने यातली कुठली घ्यावी यात अख्ख्या घराण्याने पडण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. मी इंदूरची, मलाही तसंच वाटलं होतं. पण आमचं घराणं मूळ नागपूरचं, आणि आमच्याकडे महालक्ष्म्या आहेत.

भाद्रपदात ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोघी बहिणी तीन दिवस माहेरपणाला येतात. आमच्याकडे त्यांचे पितळी मुखवटे आहेत, चांगले वजनदार. राज्याची कचेरी नागपूरहून भोपाळला आली तेव्हा आजेसासरे तिच्याबरोबर आले आणि त्यांचे भाऊ नागपुरातच राहिले. मुखवट्यांची वाटणी करता येईना, म्हणून एक वर्ष नागपूर, एक वर्ष भोपाळ अशी पाळी ठरली. भोपाळच्या वर्षी त्या थोरल्या घरी बसतात, म्हणजे काकूंकडे. आणि त्यांना आणायचा एक नियम आहे. नागपूरच्या देवघरातून पेटी एकदा उचलली की भोपाळच्या उंबरठ्यापर्यंत ती कुठेही टेकवायची नाही. घरच्या सवाष्णीने ती मांडीवर घेऊन बसायचं आणि गाडी वाटेत थांबवायची नाही. टोलनाक्यावर थांबणं हे थांबणं धरत नाहीत. रेल्वेचं फाटकही धरत नाहीत. चहा धरतात, आणि बाथरूम तर धरतातच.

लग्न झाल्यापासून ही मांडी मंदाकाकूंची. एकदा मुलताईच्या पुढे काकांची गाडी बंद पडली. दुसरं कुठलंही घराणं उतरलं असतं. आमच्या लोकांनी एक ट्रक गाठला, गाडीला दोर बांधला आणि आत काकू, मांडीवर पेटी, अशी ती गाडी थेट भोपाळपर्यंत ओढत आणली. घरात ही गोष्ट अजून अभिमानाने सांगतात. गाडी बंद पडली, पण थांबली नाही, असं म्हणतात.

काका गेले त्या वर्षी सण झाला नाही. मागल्या वर्षी पाळी नागपूरची होती. यंदा आमची आली, आणि माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे सुधाकररावांनी, घरच्या बाबांनी, काकूंना तुळशीनगरला आमच्या क्वार्टरवर बोलावून घेतलं. बाबांची सगळी हयात मंत्रालयात टिपणं लिहिण्यात गेली, त्यामुळे ते घरातही प्रस्ताव मांडल्यासारखं बोलतात. समोर पोह्यांच्या बशा, शेजारी माझ्या सासूबाई शोभा, दारात मी, त्यांची सून सायली.

"वहिनी, मान थोरल्या घराचाच," बाबा म्हणाले. "महालक्ष्म्या अवधपुरीतच बसतील. फक्त पेटी शोभा घेऊन बसेल, आणि पूजाही शोभा करेल. तुम्ही स्वयंपाकाचं बघा. तुमच्या हातच्या पुरणाला तोड नाही."

काकू पोहे खात होत्या.

"आणि गाडी दोन्हीवालीच घ्या. बॅटरीवाली काही नागपूर-भोपाळ एका दमात यायची नाही, वाटेत थांबावं लागेल. दोन्हीवालीत पेट्रोल असतं, काळजी नाही. ओंकार चालवेल. तुमच्याच गाडीतून येतील त्या, म्हणजे तुमचाही मान राहील."

म्हणजे गाडी काकूंची, स्टिअरिंग माझ्या नवऱ्याचं, मांडी सासूबाईंची. आणि पुरण काकूंचं. मला राग आला. नवरा गेला की बाई स्वयंपाकघरात चालते आणि देवघरात चालत नाही. मग तिच्या हातचं पुरण देवीपुढे ठेवलेलं तेवढं कसं चालतं? सासरी सहा वर्षं काढल्यावर कुठे गप्प बसायचं ते मला येतं, म्हणून मी बशा उचलल्या. काकू एवढंच म्हणाल्या, "आधी गाड्या बघू."

शोरूम हबीबगंजला. स्टेशनचं नाव बदललं तरी आमच्या तोंडात हबीबगंजच आहे. काकूंबरोबर ओंकार आणि मी गेलो. सेल्समन पोरगा चुणचुणीत होता, पण सगळं ओंकारला सांगत होता. सर, फीचर बघा, सर, बूट स्पेस बघा. काकूंनी त्याच्या खांद्यावर बोट ठेवलं.

"भैया, गाड़ी मैं ले रही हूँ. सर को ठंडा पिलाओ और मुझे बताओ."

आधी दोन्हीवाली. काकू चालवायला, पोरगा शेजारी, आम्ही मागे. गाडी सुंदर होती, खोटं का बोला. आवाज नाही, धक्का नाही. अरेरा हिल्सच्या चढावर काकूंनी पाय जरा दाबला आणि पुढून एकदम घरघर सुरू झाली.

"हे मधेच कोण बोललं?" काकूंनी विचारलं.

"जी?"

"ये आवाज़ किसकी है?"

"इंजन है काकूजी. ज़रूरत लगी तो अपने आप आ गया."

"मैंने बुलाया था?"

"नहीं, वो खुद समझ लेता है."

"हमारे यहाँ भी ऐसे बहुत हैं," काकू म्हणाल्या आणि गाडी परत वळवली. ओंकार खिडकीबाहेर बघायला लागला.

मग बॅटरीवाली. तोच चढ त्या चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या. कुणी मधे बोललं नाही. परत आल्यावर पोरगा प्रामाणिकपणे म्हणाला की शहरात ही उत्तम, आपकी छत पर सोलर है तो और भी अच्छा, पण नागपूरला जायचं तर बैतूलला तासभर चार्जिंगला थांबावं लागेल.

"पक्का रुकना पड़ेगा?"

"हाँ जी. घाट है, एसी चलेगा, बीच में जंगल है. बिना रुके रिस्क है."

"मतलब गाड़ी में कोई भी बैठा हो, रुकना ही पड़ेगा."

"जी," तो ओशाळून म्हणाला. गिऱ्हाईक गेलं असं त्याला वाटलं असावं.

"तो यही दे दो," काकू म्हणाल्या.

ओंकारने घरी पोचायच्या आत फोन केला होता, त्यामुळे संध्याकाळी बाबा अवधपुरीत हजर. सासूबाईही होत्या. बाबा उभ्यानेच बोलायला लागले. हा हट्ट आहे, म्हणाले. मुद्दाम केलेली गोष्ट आहे. सगळी सोय होईल अशी गाडी समोर असताना माणूस गैरसोयीची का घेईल?

"कारण मला थांबणारी गाडी हवी होती," काकू म्हणाल्या.

बाबांना कळेना. आम्हा कुणालाच कळेना.

"भाऊजी, नियम तुमच्या घराण्याचा, पण मांडी माझी होती. आदल्या दिवसापासून मी पाणी तोडायची, माहीत आहे? शोभाला माहीत आहे. पल्लवी पोटात होती तेव्हाही पेटी घेऊन बसले. पाय असे मरायचे की उंबरठ्यावर दोघी बायका मला धरून उतरवायच्या आणि तुम्ही सगळे म्हणायचात, बघा, देवीचा भार. ते मुलताईचं तुम्ही लोकांना सांगता ना, दोर बांधून आणली म्हणून? मी आत होते. ओल्या लुगड्यात बसून आले मी. त्यानंतर आठवडाभर ताप होता आणि लघवीला आग. डॉक्टरांना सांगायची लाज वाटली म्हणून उशिरा गेले. तुम्ही कुणी विचारलं नाही. यांनीही नाही विचारलं. चांगला माणूस होता, पण विचारलं नाही."

सासूबाई पदराचं टोक चाचपत होत्या.

"आता नवरा गेला म्हणून मांडीचीही गरज नाही, असं तुम्ही ठरवलंत. आता शोभाने पाणी तोडायचं. मी पुरण घालायचं. तुमचं सगळं असं असतं, भाऊजी. टाकूनही द्यायचं नाही आणि मानही द्यायचा नाही, वेळेला असू द्यावं म्हणून ठेवायचं. मला तसं राहायचं नाही. महालक्ष्म्या मी आणणार, मी बसवणार, पूजा मी करणार. आणि वाटेत थांबणार. माहेरवाशिणी आहेत त्या, कैदी नाहीत."

बाबांचा चेहरा लाल झाला. ते बराच वेळ येरझारा घालत राहिले आणि मग त्यांनी निकाल दिला. गाडी काय ती घ्या. आणायलाही तुम्हीच चला. पण पेटी सायलीच्या मांडीवर येईल आणि मी स्वतः बरोबर असेन. न थांबता पोचलो तर महालक्ष्म्या अवधपुरीत, आणि पुढचं तुम्ही म्हणाल तसं. वाटेत गाडी थांबली, तर पेटी तुळशीनगरला उतरेल आणि कायमची तिथेच राहील.

"ठीक आहे," काकू म्हणाल्या. मला वाटलं त्या खचल्या. तेवढी मी त्यांना अजून ओळखत नव्हते.

गाडी आली तेव्हा काकूंनी तिला स्वतःच्या हाताने कुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि बघायला जमलेल्या शेजारणींना पहिली चक्कर मारून आणली. आवाहनाच्या आदल्या दिवशी काकू, बाबा आणि मी निघालो. नागपूरला जाताना बैतूलला थांबलो, चार्जिंग केलं, समोसे खाल्ले. रिकामी गाडी, तेव्हा नियम नव्हता. बाबांनी तेवढ्या वेळात चार्जरवाल्याशी बोलून माहिती काढली आणि मोबाइलवर आकडेमोड केली. रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं की एसी बंद ठेवला आणि साठच्या वर गेलो नाही, तर ही गाडी भरल्या बॅटरीवर न थांबता भोपाळ गाठते. काकूंनी त्यांना आणखी एक पोळी वाढली.

सकाळी नागपूरच्या रजनीकाकूंनी मुखवट्यांना हळदकुंकू वाहिलं, पेटी उचलली आणि माझ्या हातात दिली. मी गाडीत बसले. पेटी मांडीवर आली आणि तिच्या कडा लगेच मांड्यांत रुतल्या. पितळ ते पितळ. सावनेर गेलं तेव्हा एक पाय मुंग्या आल्यासारखा झाला होता. पांढुर्ण्याला दुसरा. मी पाणी तोडलं नव्हतं, आणि रजनीकाकूंचा चहा मी मोठा कप प्यायले होते. बाबांनीही. नागपुरात चहाला नाही म्हणता येत नाही.

"वहिनी, एसी," बाबा म्हणाले.

"उकडतंय," काकू म्हणाल्या.

"साठच्या वर नको."

"रस्ता चांगला आहे."

बाबा समोरच्या पडद्यावरची टक्केवारी बघत होते आणि प्रत्येक टक्का गेला की सीटवर सरळ होत होते. मुलताईचा घाट चढताना बॅटरी भराभर उतरली. त्यांनी हात लांब करून एसी बंद केला. काकूंनी तो चालू केला. असं तीनदा झालं. मला मागे घाम फुटला होता आणि तो उकाड्याचा नव्हता. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की काकूंनी किती वर्षं काय काढलं होतं. ऐकून कळत नाही ते. आणि मला माझाही राग आला, कारण ती ट्रकची गोष्ट ऐकताना मीसुद्धा हसले होते.

बैतूलला काकूंनी इंडिकेटर दिला.

"नाही," बाबा म्हणाले. "अजून बॅटरी आहे. पोचेल."

"पोचेलही कदाचित."

"मग?"

"मग काही नाही. मी थांबतेय."

हे मला अपेक्षित नव्हतं. बॅटरी संपली असती, नाइलाज झाला असता, तर बाबांना समजावता आलं असतं. काकूंना समजवायचंच नव्हतं. त्यांनी चार्जिंगच्या शेडखाली गाडी उभी केली, उतरल्या, ती जाड केबल ओढून गाडीला लावली, मोबाइलवर काय करायचं ते केलं आणि माझं दार उघडलं.

"सायली, उतर. जाऊन ये."

"पेटी?"

"भाऊजी घेतील."

बाबा खाली उतरले. "वहिनी, ठरलं होतं. गाडी थांबली. पेटी आता तुळशीनगरला जाईल."

"जाऊ द्या," काकू म्हणाल्या. "मी नाही अडवणार. पण तुळशीनगरला न्यायची तर नियमाने न्या. नियम तुम्हाला प्यारा ना? मग मांडी तुमची द्या. बसा इथे, घ्या पेटी, आणि भोपाळपर्यंत उतरू नका. तुमच्या दारापुढे मी गाडी लावते. शोभाला मांडीवर द्यायची नाही, सायलीला द्यायची नाही. एकदा तुम्ही आणून दाखवा."

"पुरुषाने घ्यायची पद्धत नाही."

"त्याचा दोष माझ्या माथी. बसा."

बाबा हट्टी आहेत. काकू हट्टी म्हणून प्रसिद्ध आहेत इतकंच, पण पांढरीपांड्यांत कमी कुणी नाही. बाबांनी चपला काढल्या, शेडखालच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मांड्या जुळवून बसले आणि हात पुढे केले. मी पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि जवळजवळ धावत स्वच्छतागृह गाठलं. येताना पायांत रक्त परत आलं आणि डोळ्यांत पाणी आलं, दुखलं म्हणून.

परत आले तर बाबा तसेच. ताठ. काकू शेजारच्या खुर्चीवर चहा पीत होत्या. चहाच्या टपरीवरची बाई कौतुकाने बघत होती. बाबांना साखरेचा आजार आहे आणि वयाचे बाकीचेही त्रास आहेत. घरी ते तासाला एकदा उठतात. मला त्यांच्याकडे बघवेना. ते एकदा पाय हलवत, पेटी जरा सरकवत, पुन्हा सरळ होत. कपाळावर घाम जमला. नजर फिरून फिरून कोपऱ्यातल्या स्वच्छतागृहाच्या निळ्या दाराकडे जात होती.

"सायली," ते शेवटी म्हणाले. "जरा धर."

मी काकूंकडे पाहिलं.

"सायली धरणार नाही," काकू म्हणाल्या. आवाज चढवून नाही, साधाच. "तेव्हा माझी कुणी धरली नव्हती."

मला त्या क्षणी काकू निर्दय वाटल्या. आणि बरोबरही वाटल्या. मी हात मागे घेतले.

बाबांनी डोळे मिटले. ओठ हलले, बहुतेक त्यांनी देवीची क्षमा मागितली. मग ते उठले, पेटी दोन्ही हातांनी धरून वळले, आणि ज्या खुर्चीवर बसले होते त्याच खुर्चीवर ती टेकवली. सावकाश, पण टेकवली. आणि कुणाकडेही न बघता अनवाणी त्या निळ्या दाराकडे गेले.

काकू उठल्या. त्यांनी गाडीतली शाल आणून घडी करून पेटीखाली सरकवली, झाकण उघडलं, दोन्ही मुखवट्यांवरचं रेशमी कापड बाजूला केलं. पर्समधून करंडा काढला आणि दोघींना कुंकू लावलं. नवरा गेलेल्या बाईने, बैतूलच्या हमरस्त्यावर, ट्रकवाल्यांच्या देखत. "बसा बायांनो," त्या म्हणाल्या. "घाई नाही."

टपरीवरची बाई पुढे आली. "कौन सी माता हैं?"

"महालक्ष्मी. दो बहनें हैं, मायके जा रही हैं."

"दूर से आई हैं?"

"नागपुर से."

"तो थक गई होंगी," ती म्हणाली. तिने तिच्या टपरीतल्या देवाच्या फोटोवरचा हार उतरवला, अर्धा एकीला आणि अर्धा दुसरीला घातला. काकूंनी वाकून तिलाही कुंकू लावलं. तिने त्यांना नवऱ्याचं विचारलं नाही.

बाबा परत आले तेव्हा चेहरा धुतलेला होता. ते दूर उभे राहिले. काकूंनी चहाचा ग्लास त्यांच्यापुढे धरला. त्यांनी घेतला. गाडी भरत होती, दोघी खुर्चीवर बसल्या होत्या, आम्ही तिघं त्यांच्या भोवती. लग्न झाल्यापासून सासरच्या माणसांबरोबर मी इतकी निवांत कधी बसले नव्हते.

निघताना पेटी काकूंनी मागच्या सीटवर ठेवली, माझ्या शेजारी. गाडी सुरू केली तर टुंटुं वाजायला लागलं. वजनामुळे गाडीला वाटलं कुणीतरी पट्टा न लावता बसलं आहे. काकू शोधत होत्या काय वाजतंय ते. बाबा पुढच्या सीटवरून, मान न वळवता म्हणाले, "पट्टा लाव त्यांना."

मी लावला. आवाज थांबला.

बरेठ्याचा घाट, इटारसी, नर्मदा, औबेदुल्लागंज. मिसरोदच्या पुढे जिथून तुळशीनगरचा रस्ता सरळ जातो आणि अवधपुरीचा फुटतो, तिथे मी श्वास रोखला. अट बाबांची होती आणि ती मोडली होती. काकूंनी त्यांना विचारलं नाही. इंडिकेटर दिला आणि उजवीकडे वळल्या. बाबा पडद्यावरची टक्केवारी बघत राहिले.

अवधपुरीच्या दारात सासूबाई तयार होत्या. सकाळपासून त्या तिथेच होत्या, मखर बांधून झालं होतं, दारापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं काढली होती. वाटेतून त्यांना ना बाबांनी फोन केला होता ना मी. त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या, कुंकवाचं ताम्हन, अंगावर ठेवणीतली पैठणी. बाबांनी त्यांना आधीच बजावून ठेवलं होतं की उंबरठ्यावर पेटी तूच हातात घ्यायची.

काकू उतरल्या. मी पट्टा सोडला, त्यांनी पेटी उचलली आणि चालत दारापर्यंत गेल्या. त्यांना धरायला पुढे आलेल्या दोन शेजारणी तशाच बाजूला झाल्या. काकू उंबरठ्याबाहेर उभ्या राहिल्या.

आमच्याकडे इथे एक विचारणा होते. घरातली बाई विचारते, आणणारी उत्तर देते. उत्तरं ठरलेली आहेत.

सासूबाईंनी काकूंच्या पायांवर पाणी घातलं. "कोण आलं?"

"महालक्ष्म्या आल्या."

"कशाच्या पावलांनी आल्या?"

सोन्याच्या पावलांनी, असं म्हणायचं असतं. काकूंनी मान वर केली.

"बैतूलला तासभर बसून आल्या, शोभा. मी थांबवलं."

सगळ्या बायका सासूबाईंकडे बघायला लागल्या. सासूबाईंनी माझ्या सासऱ्यांकडे पाहिलं. बाबा गाडीला टेकून उभे होते. सासूबाई लग्न होऊन या घरात आल्या त्याला चाळीस वर्षं होत आली, आणि इतक्या वर्षांत बाबांच्या शब्दाबाहेर काही बोललेलं मी तरी ऐकलं नव्हतं. त्यांनी तांब्या खाली ठेवला, ताम्हनातलं कुंकू बोटावर घेतलं आणि काकूंच्या कपाळाला लावलं. मग पेटीसाठी हात पुढे न करता त्या दारातून बाजूला सरकल्या.

"मग दमल्या नसतील," त्या म्हणाल्या. "तुम्हीच आणा आत, ताई."